चाकामागची वीट

गॅरेजची खोली करायची ठरली तेव्हा बाबांनी त्यातून सगळ्यात आधी गाडी बाहेर काढली आणि सगळ्यात शेवटी वीट. साधी भाजलेली लाल वीट, एक कोपरा उडालेला आणि एका अंगाला टायरचा काळा पट्टा. माझ्या जन्माच्या आधीपासून ती गाडीच्या मागच्या चाकाला लावलेली असायची. गाडी आत घेतली की बाबा हँडब्रेक ओढायचे, गिअर टाकायचे, उतरायचे आणि पायानं वीट चाकामागे सरकवायचे. लहानपणी मला वाटायचं की प्रत्येक गाडीबरोबर एक वीट मिळते, स्टेपनीसारखी.

हे आत्ताच सांगून ठेवते, कारण पुढे जो गोंधळ झाला त्याचं उत्तर त्या विटेत होतं, आणि आम्ही तीन शहाणी माणसं ती रोज ओलांडून जात होतो.

बाबा लोकांना गाडी चालवायला शिकवतात. त्यांच्या गाडीला दोन ब्रेक आहेत, एक शिकणाऱ्याच्या पायाखाली आणि एक बाबांच्या. वीस वर्षं हेच केल्यामुळे त्यांचा उजवा पाय आता त्यांचं ऐकत नाही. आई स्कूटर चालवत असली आणि बाबा मागे बसले असले तरी तो दाबतो. टीव्हीवर एखादी गाडी जोरात वळली की आमच्या सोफ्यासमोरची सतरंजी गोळा होते. आई दातांच्या दवाखान्यात बाहेरच्या टेबलावर बसते. दिवसभर लोकांना "काही होत नाही हो, मुंगी चावल्यासारखं वाटेल" असं सांगणं हे तिचं काम, आणि ती ते घरीही आणते.

राहिले मी. मी नववीत आहे आणि घरात माझं नाव मिणमिण. ते ठेवलंय आत्यानं, कारण मी इतकं हळू बोलायचे की जेवताना मीठ मागितलं तर ताट उचलेपर्यंत ते मिळायचं नाही. पण जानेवारीत आमच्या शाळेच्या खेळांच्या दिवशी जी मुलगी माईकवर बोलणार होती तिचा घसा बसला, आणि पीटीच्या बाईंनी जी समोर दिसली तिच्या हातात माईक कोंबला. ती मी. पहिली दोन मिनिटं मी फक्त श्वास ऐकवला. मग रिले शर्यत सुरू झाली, आमच्या वर्गाच्या पोरीनं काठी पाडली, आणि माझ्या तोंडून जे "अगं उचल की!" निघालं ते म्हणे रस्त्यापलीकडच्या पेट्रोल पंपावर ऐकू गेलं. तिनं उचलली. आम्ही दुसरे आलो. तेव्हापासून माझा आवाज मला सापडलाय आणि आता तो ठेवायचा कुठे हा प्रश्न आहे.

खोली आत्यासाठी होती. आत्या म्हणजे बाबांची मोठी बहीण. ती पडदे शिवते, कोट उसवून नीट करून देते आणि माझे शाळेचे सगळे गणवेश तिचेच. तीन वर्षांपूर्वी एका गिऱ्हाइकाच्या घरी पडदे लावताना ती शिडीवरून पडली. तेव्हापासून ती चाकाच्या खुर्चीत असते. राहते एकटी, दुसऱ्या मजल्यावर. मशीनचं पेडल तिनं टेबलावर घेतलंय आणि ते कोपरानं दाबते. सगळं छान चाललं होतं, पण तिच्या इमारतीची लिफ्ट बदलायला काढली आणि सहा महिने तरी लिफ्ट नाही असं कळलं. मग दोन वाटा उरल्या. एक, आमचं गॅरेज. दुसरी, शहराबाहेरची एक संस्था. तिथे खोली होती, नर्स होती, वेळच्या वेळी जेवण होतं, बागही होती. फक्त शिलाई मशीन न्यायला परवानगी नव्हती. आवाजाचा इतरांना त्रास होतो म्हणे.

"मी तुमच्याकडे येईन," आत्या म्हणाली होती, "पण माझी एकच अट. एकटीनं आत, एकटीनं बाहेर. दारातून आत यायला ज्या दिवशी कुणाला हाक मारावी लागेल त्या दिवसापासून मी पाहुणी. आणि पाहुणीच व्हायचं तर तिथली बाग बरी."

संस्थेला तिनं शनिवारी दुपारी बारापर्यंत कळवायचं होतं. ही गोष्ट सुरू होते ती त्याच आठवड्यातल्या सोमवारी.

त्या सोमवारी खोली जवळजवळ झाली होती. शटर काढून तिथे भिंत, भिंतीत रुंद दार आणि खिडकी. दाराच्या वर काचेची एक पट्टी, उजेड यावा म्हणून. आतल्या टोकाला, म्हणजे घराच्या बाजूला, न्हाणीघर. आणि लांबच्या भिंतीला सबंध एक फळी, या टोकापासून त्या टोकापर्यंत, आत्याच्या कापायच्या आणि शिवायच्या कामाची. ती बाबांनी स्वतः बसवली होती. प्रत्येक ब्रॅकेट जमिनीपासून बरोबर बहात्तर सेंटीमीटरवर. खुर्चीचे हात खाली जावेत म्हणून बहात्तर. ते आकडा इतक्या वेळा म्हणाले होते की आई झोपेत बोलेल अशी भीती वाटायची. आता फक्त फरशी बाकी होती. ती बसवायला मिस्त्री गुरुवारी येणार होते.

शाळेतून आल्यावर मला एक काम दिलं होतं. आत्यानं पुढे पाठवलेला दोऱ्याच्या रिळांचा डबा फळीवर रंगाप्रमाणे लावून ठेवायचा. मी पहिलं रीळ आडवं ठेवलं, निळं. दुसरं घ्यायला वळले. निळं निघालं. आधी हळू, मग जरा घाईनं, सगळी फळी पार करून दाराच्या टोकाला खाली पडलं आणि उंबऱ्याला जाऊन टेकलं.

मी हिरवं ठेवलं. तेही गेलं. पांढरं. राखाडी. मग मी एकदम पाच ठेवली, आणि खरं सांगते, माझ्या तोंडातून माईकवरची मीच निघाली. "बाहेरच्या बाजूनं पिवळं पुढे, काळं मागे, आणि पिवळं, पिवळं, पिवळं!"

"काय चाललंय?" बाबा आत आले. पिवळं रीळ त्यांच्या बुटावर आपटलं.

"फळी उतरती आहे."

"फळी?" बाबांना जणू मी म्हटलं, तुमचं नाक वाकडं आहे. "बहात्तर आहे ती. दोन्हीकडे बहात्तर."

"मग जमीन उतरती असेल."

बाबांनी खिशातून पाणसळ काढली. वीतभर लांबीची, त्यात हिरवं पाणी आणि पाण्यात बुडबुडा. ती गेले दोन महिने त्यांच्या खिशात होती, चष्म्यासारखी. त्यांनी गुडघे टेकून ती जमिनीवर ठेवली. बुडबुडा बरोबर मध्ये येऊन थांबला.

"बघ," ते म्हणाले. "रोज बघतो मी."

त्यांनी पाणसळ आडवी ठेवली होती. या भिंतीकडून त्या भिंतीकडे. मी वाकले आणि ती वळवली. घराकडून दाराकडे. बुडबुडा सरकन एका टोकाला जाऊन चिकटला आणि तिथून हलेना.

आई खोलीत उघडणाऱ्या स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. ते दार आपोआप बंद होऊ नये म्हणून त्याला काहीतरी लावलेलं असतं. बाबांनी तिकडे पाहिलं, मीही पाहिलं.

वीट.

"गाडी धुतली की पाणी बाहेर जावं म्हणून," बाबा हळूच म्हणाले. "गॅरेजला उतार ठेवतातच. मला माहीत होतं. म्हणजे, माहीत होतं मला."

पंधरा-सोळा वर्षं रोज वीट लावणारा माणूस. त्यांनी खोलीतल्या सगळ्या गोष्टी जमिनीपासून मोजल्या होत्या आणि जमीनच तिरकी होती. फळी तिरकी, बटणं तिरकी, खिडकी तिरकी, आणि सगळं मिळून एकाच बाजूला तिरकं, म्हणून डोळ्याला सरळ.

"असेल दोन बोटांचा उतार," बाबा उठत म्हणाले. "त्यानं काय होतंय? खुर्चीला ब्रेक असतात. उतारावर गाडी कशी उभी करायची हे मी रोज शिकवतो."

"आणि एखादी रबरी चटई टाकू," आई म्हणाली. "कळणारसुद्धा नाही. फक्त ताईंना आत्ता काही सांगू नका. आधीच त्यांचं तळ्यातमळ्यात चाललंय. उताराचं ऐकलं की त्या सरळ तिकडे फोन करतील."

आणि मी? मी माईकवाली, पेट्रोल पंपापर्यंत पोचलेली, मी "बरं" म्हणाले. मिणमिणतच. सगळी रिळं गोळा करून परत डब्यात उभी लावली.

दुसऱ्या दिवशी भूगोलाच्या तासाला नदीचं खोरं चाललं होतं. पाणी उतारानं कसं वाहतं याची फळ्यावर आकृती होती. माझ्या डोक्यात आत्या. ती सकाळी उठणार, पलंगावरून खुर्चीत बसायला जाणार आणि खुर्ची दारापाशी. ती कापड कापायला दोन्ही हात वापरणार की एका हातानं चाक धरणार? आणि ती कुणाला हाक मारणार? मला. मी शाळेत असले तर? मधल्या सुट्टीत मी ऑफिसात गेले आणि फोन मागितला. घरी काहीतरी विसरलं असं सांगितलं नाही. "माझ्या आत्याला एक खरी गोष्ट सांगायची आहे," असं सांगितलं. ऑफिसातल्या बाईंनी फोन माझ्याकडे सरकवला आणि जागेवरून हलल्या नाहीत.

"आत्या, खोलीला उतार आहे."

"कोण बोलतंय?"

"मी."

"मिणमिण? तू? एवढ्या मोठ्यानं? मशीन चालू आहे माझं आणि तरी ऐकू येतंय." खडखड थांबली. "हं. कसला उतार?"

मी सगळं सांगितलं. रिळं, पाणसळ, वीट. चटईसुद्धा. ऑफिसातल्या बाई आता उघडपणे ऐकत होत्या.

आत्यानं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "तुला सांगायला कुणी सांगितलं?"

"कुणीच नाही. सांगू नको असं सांगितलं होतं."

"उतार कुठल्या बाजूला?"

"दाराकडे."

"म्हणजे आत जाताना चढ आणि बाहेर जाताना मी थेट रस्त्यावर. छान. किती आहे?"

"बाबा म्हणतात दोन बोटं."

"बाळूच्या बोटांवर मी पडदे शिवले असते तर लोक उघडे पडले असते. मोज, आणि मला आकडा सांग. बोटं नकोत." मशीन एकदा खडखडलं. "शनिवारी अकराला येते मी. जे असेल ते दाखव. झाकलेलं असेल तर मी चटई उचलून बघणार आहे. बारा वाजता मला फोन करायचाय, तो मी तिथूनच करीन."

मी फोन ठेवला. आत्याचा आवाज बाहेरही ऐकू जात होता. बाई म्हणाल्या, "मोजणार कशानं?"

मलाही तेच कळत नव्हतं.

पण मिस्त्री त्या दुपारी फरशीचे खोके उतरवायला आले. मिस्त्री म्हणजे सुकलेले, उंच, तोंडात कायम काडी. बोलायचं झालं तर आधी काडी काढतात, म्हणून फार बोलत नाहीत. मी विचारलं तसे ते गाडीकडे गेले आणि एक लांबलचक पारदर्शक नळी घेऊन आले. त्यात पाणी भरलं. एक टोक त्यांच्या हातात घराच्या बाजूला, दुसरं माझ्या हातात दाराशी.

"पाण्याला दोन्हीकडे सारखंच उभं राहावं लागतं," ते म्हणाले. "त्याला कुणाची भीड नाही. हलू नको."

पाणी वरखाली होत होत थांबलं. त्यांनी तिकडे रेघ मारली, मी इकडे. मग दोन्ही रेघांपासून जमिनीपर्यंत टेप लावला. त्यांच्याकडे शंभर. माझ्याकडे एकशे अकरा.

"अकरा सेंटीमीटर," मी ओरडले. "साडेपाच मीटरमध्ये अकरा!"

"ऐकू येतं मला," मिस्त्री म्हणाले. "शेजारणीलाही आलं."

तेवढ्यात बाबा आले. नळी, रेघा, माझं तोंड, सगळं एकदम पाहिलं. मी थांबले नाही. म्हणाले, "बाबा, मी आत्याला फोन केला. ती शनिवारी अकराला येतेय बघायला."

मला वाटलं होतं ते ओरडतील. ते ओरडत नाहीत, ते लाल होतात. कानापासून सुरुवात होते.

"तुला कुणी सांगितलं होतं?"

"कुणी नाही."

"ती आता येणारच नाही. कळतंय का तुला? तिला एक कारण हवंच होतं. आम्ही दोन महिने राबतोय आणि तू एका फोनमध्ये..." ते मिस्त्रींकडे वळले. "तुम्हीच सांगा, अकरा सेंटीमीटर म्हणजे काय? खुर्चीला ब्रेक असतात ना?"

मिस्त्रींनी काडी काढली. आतून बाबांची टेबलाची खुर्ची ओढत आणली, ती पाच छोट्या चाकांची, आणि खोलीच्या वरच्या टोकाला ठेवली. "बसा सर."

"हे काय?"

"बसा तर. आणि पाय उचला."

बाबा बसले. पाय उचलले. खुर्ची क्षणभर विचार करत होती, मग निघाली. जरा वळली, मग सरळ झाली, वेग घेतला, आणि बाबांचा उजवा पाय हवेत दाबला गेला. दाबला, पुन्हा दाबला. तिथे ब्रेक नव्हता. खुर्ची दाराच्या चौकटीवर आपटली आणि बाबांच्या खिशातली पाणसळ उडून बाहेर पडली.

हसू दाबताना माझ्या नाकातून भलताच आवाज आला. बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मग स्वतःच्या पायाकडे, जो अजून दाबलेलाच होता. त्यांनी तो हातानं धरून खाली ठेवला.

"कोबा करायला लागेल," मिस्त्री म्हणाले. "दाराकडे अकरा, वरती शून्य. उद्या फळी काढा. परवा सकाळी ओतू. शनिवारपर्यंत प्लाय टाकून खुर्ची चालेल. फरशी मग पुढच्या आठवड्यात."

"आणि दार?" बाबांनी विचारलं. "जमीन अकरा वर आली की दार उघडणार कसं?"

मिस्त्रींनी दारावरच्या काचेच्या पट्टीकडे बोट केलं. "ती काढली की चौकट वर जाते."

बाबा बराच वेळ त्या पट्टीकडे बघत राहिले. ती त्यांनी हौसेनं मागवली होती. मग त्यांनी स्क्रू काढायचं मशीन घेतलं आणि फळीच्या पहिल्या ब्रॅकेटपाशी गुडघ्यावर बसले. मी दुसऱ्यापाशी. त्या संध्याकाळी आम्ही एकमेकांशी फक्त "धर" आणि "सोड" एवढंच बोललो. पण नवव्या ब्रॅकेटला ते म्हणाले, "पाणसळ फिरवायला हवी होती मी," आणि मी म्हणाले, "हो." पूर्वी मी "असू दे" म्हटलं असतं.

बुधवारी चौकट उचलली. गुरुवारी मी शाळेला दांडी मारली, आईच्या परवानगीनं, जी तिनं "एक दिवस काही होत नाही" अशी दिली, म्हणजे सवयीनंच. मिस्त्रींनी भिंतींवर पाण्याच्या नळीनं खुणा केल्या, खुणांवरून दोऱ्या ताणल्या, आणि आम्ही ओतायला लागलो. सिमेंट, वाळू, बारीक खडी. मी घमेली वाहिली. तीस मोजली, मग मोजणं सोडून दिलं. दाराकडे घोट्यापर्यंत थर आणि घराकडे येता येता तो पातळ होत होत जमिनीत विरून जाणारा. मिस्त्री लांब पट्टी ओढत मागे मागे सरकत होते आणि त्यांच्या पुढे ओलं, राखाडी, सपाट काहीतरी तयार होत होतं. सपाट या शब्दात एवढं काही आहे हे मला माहीत नव्हतं. इतकी वर्षं मी सपाट म्हणून ज्याच्यावर उभी होते ते सपाट नव्हतंच!

शुक्रवारी फळी परत बसवली, या वेळी पाण्याच्या रेघेपासून मोजून. जुनी भोकं भिंतीत तशीच राहिली, एका तिरक्या रांगेत. आई म्हणाली, "त्यात पुट्टी भरून रंग दिला की कळणारसुद्धा नाही," आणि मग स्वतःच म्हणाली, "किंवा राहू देत."

पण एक गोष्ट राहिलीच होती, आणि ती शनिवारी सकाळी नऊ वाजता माझ्या लक्षात आली. आतली जमीन वर आली. बाहेरची नाही. दाराबाहेर बाबांनी जो छोटा उतरता कट्टा बांधला होता, खुर्ची वर यायला, तो जुन्या उंबऱ्याच्या मापाचा होता. आता तो संपत होता तिथे अकरा सेंटीमीटरची पायरी होती.

बाबा आत्याला आणायला निघाले होते, किल्ली हातात. ते पायरीकडे बघून खाली बसले. मग उठले, उरलेली जाड प्लाय आणली, फळीचे दोन तुकडे तिच्याखाली दिले, आणि आम्ही दारापासून फाटकाच्या अलीकडपर्यंत एक रॅम्प केला. तात्पुरता. पाय दिला तर मध्ये थोडा दबत होता.

"मी मागून धरीन," बाबा म्हणाले.

"तिची अट काय आहे?" मी विचारलं.

"माहीत आहे मला अट."

अकराला दहा मिनिटं असताना शिकाऊ गाडी फाटकाशी थांबली. आत्या पुढच्या सीटवर. तिनं दार उघडलं, खुर्ची उघडायला लावली आणि मग सगळ्यांना लांब करून स्वतःच तीत बसली. मोरपंखी कोट, स्वतः शिवलेला. केस कापलेले. मांडीवर कात्रीची पिशवी.

"लेव्हल केलंत?" तिनं फाटकातूनच विचारलं.

"केलं ताई," बाबा म्हणाले. "पण हा रॅम्प कच्चा आहे. पुढच्या आठवड्यात सिमेंटचा करतो. आज मी जरा हात..."

"बाजूला हो, बाळू."

तिनं हातमोजे चढवले आणि चाकं ढकलली. अर्ध्यापर्यंत आली. प्लाय दबली, पुढची चाकं अडली, खुर्ची मागे सरकली. तिनं ती धरली आणि परत खाली नेली. बाबांचा उजवा पाय जमिनीत रुतला होता. अक्षरशः, बुटाचं टोक मातीत.

दुसऱ्यांदा ती जोरात आली. दबणाऱ्या जागेच्या पुढे गेली, उंबऱ्याला चाक टेकलं, आणि तिथेच थांबली. दंड थरथरत होते. खुर्ची एक बोट मागे आली. बाबांनी दोन्ही हात पुढे केले.

"बाबा, हात मागे!"

हे मी बोलले. माईकशिवाय. समोरच्या घरातला माणूस गाडी पुसता पुसता थांबला. बाबांचे हात हवेत थांबले, खुर्चीच्या पाठीपासून वीतभर लांब. आत्यानं मान वळवली नाही. तिनं अंग पुढे टाकलं, दात आवळले, एक असा शब्द उच्चारला जो मी इथे लिहिणार नाही, आणि चाकं उंबरा चढून आत गेली.

आत तिनं काही पाहिलं नाही. ना रंग, ना खिडकी. सरळ खोलीच्या मध्यावर गेली, दोन्ही ब्रेक सोडले आणि दोन्ही हात वर केले. आम्ही दारात. मी मनात मोजत होते. वीसपर्यंत. खुर्ची जागची हलली नाही.

मग तिनं माझ्याकडे हात पसरला. "रीळ दे."

मी निळं दिलं. तिनं ते फळीवर आडवं ठेवलं. ते तिथेच बसलं.

"हं," आत्या म्हणाली. मग ती भिंतीवरच्या भोकांच्या तिरक्या रांगेकडे बघत राहिली. "ही आधीची फळी?"

"हो," बाबा म्हणाले. "ताई, खरं सांगायचं तर मी म्हणालो होतो की ब्रेक आहेत, चालवून घेईल."

"माहीत आहे. तू वीस वर्षं दुसऱ्याच्या गाडीचा ब्रेक दाबतोयस. माझ्या गाडीला तुझ्या बाजूला ब्रेक नाही, हे लक्षात ठेवलंस तर मी राहीन."

"ठेवीन."

"पाय बघ तुझा."

बाबांनी पाय उचलला. आई हसली, मग सगळेच.

आत्या दारापाशी गेली आणि दिव्याचं बटण दाबलं. अगदी सहज, हात न ताणता. दाराजवळची जमीन अकरानं वर आल्यामुळे तिथलं बटण तिच्या खांद्याच्या उंचीला आलं होतं. आणि खिडकीची चौकटही. तिला बसल्या जागेवरून समोरचा माणूस आणि त्याची अर्धी पुसलेली गाडी दिसत होती.

"हे बरं केलंत," ती म्हणाली. "बटण आणि खिडकी खाली घेतलीत."

"मुद्दामच," बाबा म्हणाले.

"थापा मारू नका," मी म्हणाले.

बाराला पाच मिनिटं असताना तिनं फोन लावला. "नमस्कार. त्या खोलीबद्दल. ती दुसऱ्या कुणाला द्या." पलीकडून काहीतरी बरंच विचारलं गेलं. "नाही, नाही, बाग छानच आहे. पण मला मशीन लागतं." आणि फोन ठेवला.

मशीन गाडीच्या डिकीत होतं. बाबांनी ते उचलून आणलं, कारण मशीन उचलायला अटीत बंदी नव्हती. फळीवर ठेवलं, शेजारी पेडल. आत्यानं कोपर टेकवलं आणि दाबलं. पेडल गुळगुळीत फळीवरून मागे सरकलं आणि भिंतीकडे गेलं. तिनं ओढून आणलं, पुन्हा दाबलं, पुन्हा सरकलं.

"घरी मागे डिक्शनरी लावायचे मी," ती म्हणाली. "ती राहिली."

मी स्वयंपाकघराच्या दाराची वीट उचलून आत गेले. दार माझ्यामागे धाडकन बंद झालं. वीट नळाखाली धरली. टायरचा पट्टा गेला नाही, बाकीची लाल झाली. पुसून आणली आणि पेडलच्या मागे ठेवली, उडालेला कोपरा भिंतीकडे करून.

आत्यानं पिशवीतून एका पडद्याची कड काढली, सुईखाली सरकवली आणि कोपर दाबलं. वीट हलली नाही. मशीन असं काही खडखडलं की आई पलीकडून ओरडून काहीतरी म्हणाली ते कुणालाच कळलं नाही.

"काय म्हणाली गं?" आत्यानं विचारलं.

"जेवायला चला म्हणतेय," मी म्हणाले. मला खरं तर ऐकू आलं नव्हतं. पण बारा वाजून गेले होते आणि मला भूक लागली होती.